उघाडीवर थांबणारी गाडी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, विजेला भिते, लिफ्टमध्ये एकटी चढत नाही. लग्नाआधी आम्ही आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहायचो. पाण्याशी माझा संबंध काय, तर नळाला आलं का आणि किती वाजता जाणार, एवढाच. आणि लग्न होऊन आले कुठे, तर वसईच्या खाडीकाठी, जिथं मागच्या दारात भांडी घासताना भरती चढताना दिसते. वडील म्हणाले होते, माणसं चांगली आहेत. माणसं चांगलीच निघाली, पण खाडीची चौकशी कोणी केली नव्हती.

गावातून बाहेर पडायला रस्ता एकच, खाजणाच्या बांधावरून. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं आणि बंद पडलेली मिठागरं. बांधाच्या बरोबर मध्यावर उघाडी आहे, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर करायचं फळ्यांचं दार. तिथं रस्ता खोलगट होतो. पावसाळ्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण आलं की भर दुपारी तिथं रस्त्यावरून पाणी वाहतं. कधी घोटाभर, कधी गुडघ्याच्या वर. गावातले लोक लुंगी वर धरून गप्पा मारत त्यातून जायचे. मी जीव मुठीत धरून जायचे, आणि दुसऱ्या हातात ऋतिकाला.

ऋतिका माझी मुलगी, सात वर्षांची, एकुलती एक. तिची शाळा गोखिवऱ्याला. तिथंच एका प्लास्टिकच्या कारखान्यात मी अर्धा दिवस हिशेब लिहायचे. सकाळी दोघींनी बरोबर निघायचं, दुपारी दोघींनी बरोबर परत यायचं. ही सगळी गोष्ट सत्त्याण्णव सालची. त्या वर्षी जूनमध्ये कल्पेशने, माझ्या नवऱ्याने, आमच्यासाठी जुनी मोपेड घेतली. सायकलसारखी पेडलं मारून सुरू करायची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं, आणि मागे निळा धूर सोडत जायचं. कल्पेश अंधेरीला नोकरीला होता. पहाटे जायचा, दिवेलागणीला यायचा. गाडीत पेट्रोल तोच रविवारी भरून ठेवायचा.

गाडी दारात आली तेव्हा सासूबाईंनी तिची पूजा केली. हँडलला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर शेंदराचा ठिपका लावला. ते गाडीचं डोकं, असं त्यांनी ठरवलं. मला हसू आलं, पण बरंही वाटलं. भित्र्या माणसाला कुठलाही देव चालतो.

दोन महिने गाडी नीट चालली. श्रावण लागला, सासूबाईंनी झाकणावरचा ठिपका तेल-शेंदराने पुन्हा उजळला, आणि एके दुपारी परत येताना गाडी उघाडीवर बंद पडली.

आधी आवाज बदलला. मग ती आचके देत चालली, थोडी पुढे, थोडी थांबल्यासारखी, आणि बरोबर खोलगट भागात येऊन गप्प झाली. मी पेडलं मारून दमले. दहा-पंधरा मिनिटं दोघी बांधावर उभ्या राहिलो, तर पुन्हा पहिल्या झटक्यात सुरू. दोन दिवसांनी जाताना बंद पडली, तिथंच. मग येताना, तिथंच. कधी दहा पावलं अलीकडे, कधी दहा पावलं पलीकडे. बाजारात फिरवली तर काही नाही, कारखान्याच्या आवारात काही नाही. उघाडी आली की मात्र हिचा जीव जायचा.

घरी सांगितलं. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"उगाडीवरच?" त्यांनी विचारलं.

"हो आई. बरोबर तिथंच."

त्या सूप उचलून आत गेल्या. कल्पेशकडे पाहिलं तर तो खाली बघत होता. रात्री खोलीत त्याने सांगितलं. त्याला एक धाकटी बहीण होती, हौसा. चिंबोऱ्या धरायला मुलांबरोबर उघाडीवर गेली होती. भरतीच्या जोराने फळी सुटली आणि पाण्याने तिला ओढून नेलं. संध्याकाळी मिठागराच्या कोपऱ्यात सापडली.

"केवढी होती?" मी विचारलं.

"ऋतिकाएवढी," तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.

झोपला तो. मी काय झोपणार. आठ वर्षं या घरात होते आणि मला कोणी हे सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं तेही कळत होतं. मी शिकलेली आहे, बी.कॉम. आहे, भुताखेतावर माझा विश्वास नाही. पण अंधारात पडल्या पडल्या माझ्या मनात एकच घोळत होतं, की माझ्या पोरीच्या वयाची एक मुलगी त्या पाण्यात गेली आणि माझी गाडी माझ्या पोरीला घेऊन रोज तिथंच थांबते.

शनिवारी सासूबाई मारुतीच्या देवळातून तेल आणि शेंदूर घेऊन आल्या आणि झाकणावर जाडसर थर दिला. पुढच्या शनिवारी आणखी एक. मला बजावून ठेवलं, "सूनबाय, याला हात लावू नको गो. रक्षन हाय ते पोरीचं." मी कशाला हात लावते. कल्पेशही रविवारी पेट्रोल भरताना झाकण कडेकडेने, दोन बोटांत धरून फिरवायचा, आणि तसंच अलगद परत लावायचा. रोज दुपारी मी घरी आले की सासूबाई दारातच विचारायच्या, "आज पन थांबली?" मी हो म्हटलं की त्या मान हलवून आत जायच्या. मला वाटायचं, माझ्यापेक्षा याच जास्त घाबरल्या आहेत.

गोखिवऱ्याच्या नाक्यावर क्लेमेंटचं गॅरेज होतं. क्लेमेंट पापडीचा, गळ्यात क्रूस, तोंडात सदा काडी. त्याने प्लग साफ केला, मग नवीन टाकला. कार्ब्युरेटर उघडून पेट्रोलमध्ये धुतला. सायलेन्सर काढून त्यातली काजळी जाळली. गाडी स्टँडवर लावून वर स्वतःची पेट्रोलची बाटली टांगली, नळी लावली आणि तासभर चालू ठेवली. एकदाही अडखळली नाही.

"टाकीत कचरा असेल का?" मी विचारलं.

"टाकी मी नाय उघडली, वहिनी. त्याच्यावर तुमचं देवाचं हाय ना. आपन कशाला ऑइलचे हात लावा." तो अगदी आदराने बोलला. "तुम्हाला सांगू का, टू-स्ट्रोकला तीनच गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आनि ठिनगी. बंद पडली की प्लग काढून बघायचा. ओला असला तर पेट्रोल जास्त होतं. कोरडा असला तर पेट्रोल पोचतच नाय. हा पाना ठेवा तुमच्याजवळ."

आणि मग काडी बाजूला करून, हळू आवाजात म्हणाला, "जागा बदलून बघा, वहिनी. दुसऱ्या रस्त्याने जावा."

दुसरा रस्ताच नव्हता.

म्हणजे आता घरच्या सासूबाई आणि नाक्यावरचा क्लेमेंट दोघांचं एकमत झालं होतं. माझं धाबं दणाणलं. मी कल्पेशला म्हटलं, आपण आचोळ्याला भाड्याने राहू. तो म्हणाला, आईला सोडून? शाळा सोडवता येत नव्हती आणि चालत जायचं तर बांध संपता संपत नव्हता. मी ऋतिकाला गाडीवर बसताना माझ्या पोटाला घट्ट धरायला शिकवलं, आणि उघाडी जवळ आली की तिच्या नकळत रामरक्षा पुटपुटायला लागले.

पिठोरी अमावास्या आली. मुलांसाठीचा दिवस. सासूबाईंचा कडक उपास होता. त्या भल्या पहाटे उठल्या, आंघोळ करून पहिलं काम काय केलं, तर गाडीच्या झाकणावर तेलात कालवलेला शेंदूर थापला. लोण्यासारखा जाड. माझं लक्ष होतं, पण मला त्याचा आधारच वाटला. त्या दिवशी दुपारी उधाण होतं.

सकाळी गाडी उघाडीपर्यंतसुद्धा पोचली नाही. अलीकडच्या वळणावरच बंद पडली. तेव्हा ओहोटी होती, चिखलात बगळे उभे होते. गाडी सुरू होईपर्यंत थांबलो आणि गेलो. आता तिला उघाडीचीही गरज उरलेली नाही, ती पुढे येऊन आम्हाला गाठते, असं काहीतरी माझ्या डोक्यात येत होतं. 'ती' म्हणजे कोण, हे मी स्वतःशीही उच्चारलं नाही.

कारखान्यातून लवकर निघायचं ठरवलं होतं, पण शाळेने मुलांना उशिरा सोडलं. बांधाच्या तोंडाशी आलो तेव्हा खाडी काठोकाठ भरली होती. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. एक म्हातारा डोक्यावर टोपली घेऊन समोरून आला. त्याला विचारलं, पाणी किती आहे? "घोट्याला हाय. पन चडतंय. जायचं तर बिगीनं जा," असं म्हणून तो गेला. मी विचार केला, न थांबता गेलं तर पाच मिनिटांत पलीकडे. इथं थांबलं तर दोन-तीन तास. ऋतिकाला भूक लागली होती. मी गाडी पुढे काढली.

उघाडीच्या खोलगट भागात शिरलो, चाकांनी दोन्हीकडे पाणी उडवलं, आणि तेवढ्यात आवाज बदलला. मला तो आवाज आता झोपेतही ओळखू आला असता. मी मूठ पूर्ण पिळली. गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

खाडीचं पाणी डावीकडून येत होतं आणि रस्ता ओलांडून उजवीकडे शेतात पडत होतं. नुसतं साचलेलं नव्हतं, ओढत होतं. मागे पाहिलं, आलो तो रस्ता पाण्याखाली. पुढेही पाणीच. उघाडीच्या फळ्या पाण्याच्या दाबाने करकरत होत्या. ऋतिकाला उचलून घेऊन चालावं, तर रस्त्याची कड कुठं संपते ते दिसत नव्हतं, आणि त्या ओढीत माझा पाय सरकला तर आम्ही दोघी कुठं जाणार ते मला माहीत होतं. गाडी ढकलावी तर तिला एकटीला सीटवर ठेवायचं.

"मम्मी, माझ्या बुटात पाणी आलं," ऋतिका म्हणाली.

"पाय वर घे. सीट सोडू नकोस. काहीही झालं तरी सोडू नकोस."

मी पेडलं मारली. वेड्यासारखी मारली. मग रडायला लागले, आणि रडत रडत, आता सांगायला लाज वाटते, मोठ्याने बोलले, "हौसा, बाई, माझ्या पोरीला सोड." ऋतिकाने विचारलं, "हौसा कोण?" तिच्या आवाजात भीती होती, आणि ती मी घातली होती. त्या प्रश्नाने मी थोडी भानावर आले. काहीतरी हाताला काम हवं होतं, नाहीतर मी किंचाळले असते. मी पिशवीतून क्लेमेंटचा पाना काढला.

प्लग काढला. तो इंजिनाला टेकवून पेडल फिरवलं, निळी ठिणगी दिसली. ठिणगी आहे. प्लगला बोट लावलं. कोरडा ठणठणीत. पेट्रोल पोचत नाही. मी प्लग परत बसवला, खाली वाकले आणि टाकीकडून येणारी नळी कार्ब्युरेटरपासून ओढून काढली. नळीतून थेंबसुद्धा आला नाही. रविवारी तर टाकी भरली होती. पाणी माझ्या पोटऱ्यांना लागलं होतं. टाकीत पेट्रोल आहे की तेही कोणी पिऊन टाकलं, असं मनात आलं.

बघायचं तर झाकण उघडायला हवं होतं. आणि झाकणावर पोरीचं रक्षण होतं.

मी ऋतिकाकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी सीट धरून, पाय पोटाशी घेऊन, पाण्याकडे बघत होती. मी डोळे मिटले, अख्खा पंजा त्या शेंदरावर ठेवला आणि झाकण फिरवलं.

फुस्स करून आवाज झाला, जशी टाकीने आत हवा ओढून घेतली. आणि त्याच क्षणी माझ्या दुसऱ्या हातातल्या नळीतून पेट्रोलची धार माझ्या पायावर पडली.

मला काही कळलं नाही. झाकण परत घट्ट लावलं. धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग बंद. पुन्हा सैल केलं. धार सुरू. मी झाकण काढून उलटं करून पाहिलं. मधोमध टाचणीएवढं भोक असतं, टाकीत हवा जाण्यासाठी. ते शेंदराने बुजून गेलं होतं. पेट्रोल खाली जायचं, वरून हवा यायची नाही, आणि अर्ध्या वाटेवर ते यायचंच थांबायचं. गाव आणि गोखिवरं यांच्या अर्ध्या वाटेवर उघाडी होती, एवढंच. शनिवारी शेंदूर वाढला की गाडी जास्त अडखळायची, आणि गाडी अडखळली की पुढच्या शनिवारी शेंदूर वाढायचा.

नळी लावली, झाकण नुसतं वर टेकवलं. तिसऱ्या पेडलला इंजिन फुटफुटलं. सायलेन्सर पाण्यात गेला होता, त्यातून बुडबुडे येत होते. आता मूठ सोडली की पाणी आत शिरणार, म्हणून मी ती सोडली नाही. एका हाताने हँडल, एका हाताने झाकण, मागून ऋतिकाची मिठी. पुढचं चाक रस्त्यावर आहे की नाही हे मला दिसत नव्हतं. मी फक्त पलीकडच्या चिंचेकडे बघत गेले. रस्त्याचा चढ लागला, चाकाखाली दगड वाजले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तरी गाडी थांबवायची हिंमत झाली नाही.

चिंचेखाली सासूबाई उभ्या होत्या. उपाशी, उन्हात, कधीपासून कोणास ठाऊक. त्यांनी ऋतिकाला उतरवून घेतलं आणि तिच्या अंगावरून हात फिरवत राहिल्या, जणू काही कमी पडलंय का ते बघत होत्या. मग माझ्या शेंदराने आणि पेट्रोलने माखलेल्या हाताकडे त्यांची नजर गेली.

घरी आल्यावर मी सुई घेऊन भोक मोकळं करत बसले. त्या समोर येऊन बसल्या. काय सांगावं याचा मी खूप विचार केला. कचरा होता म्हणून सांगता आलं असतं. पण मग शनिवारी पुन्हा शेंदूर आला असता. म्हणून खरं ते सांगितलं, जमेल तेवढं हळू. शेंदराने भोक बुजलं, हवा जाईना, म्हणून गाडी बंद पडायची. तुमची काही चूक नाही, आई, कोणालाच कळलं नाही, क्लेमेंटलाही नाही.

मला वाटलं, त्या हादरतील. आपल्याच हाताने नातीला पाण्यात घातलं असतं म्हणून कपाळावर हात मारतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्या झाकण हातात घेऊन, भोकातून उजेड दिसतो का ते बघत होत्या.

"म्हंजे कोनी थांबवत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही आई. कोणी नव्हतं."

"मना वाटं हौसा थांबवते. पोरीला बगायला. तिच्याच वयाची ना." त्यांनी झाकण खाली ठेवलं. "शेंदूर यासाठी, का तिनं हात लावू नये. पन बगून जावं. बगायला काय हाय."

रोज दारात विचारलेलं "आज पन थांबली?" मला आठवलं. इतके दिवस आम्ही दोघी एकाच गोष्टीची वाट बघत होतो. मी भीतीने, आणि त्या...

संध्याकाळी कल्पेश आला. पिठोरीची पूजा झाली. भिंतीवर त्यांनी काढलेल्या चौसष्ट योगिनींपुढे दिवा लावला. मग नेहमीचा रिवाज. आईने खीर-पुरीचं ताट डोक्यावरून मागे धरायचं, मागे न बघता विचारायचं, अतीत कोण, म्हणजे पाहुणा कोण? मुलाने मागून आपलं नाव सांगून ताट घ्यायचं. सासूबाईंनी विचारलं, "अतीत कोन?" कल्पेश म्हणाला, "मी, कल्पेश." मी विचारलं, आणि ऋतिकाने नाव सांगितलं ते जरा जास्तच मोठ्याने.

दरवर्षी यानंतर सासूबाई एक दुसरं ताट पदराखाली घेऊन, कोणाला काही न बोलता उघाडीवर जायच्या आणि पाण्यात सोडून यायच्या. ते कोणासाठी असतं हे मला त्या महिन्यातच उमगलं होतं. आज त्या ताट घेऊन उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मीच सांगितलं होतं ना, तिथं कोणी नाही. त्या परत आल्या, भिंतीपुढे उभ्या राहिल्या, आणि ते ताट त्यांनी डोक्यावरून मागे धरलं.

"अतीत कोन?"

कल्पेश जमिनीकडे बघत राहिला. दिव्याची वात तडतडली. माझ्या शेजारी ऋतिकाने तोंड उघडलं, बोलणारच होती. मी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. त्या मुलीच्या जागी माझ्या मुलीचं नाव नको, नको, नको. भोक दिसलं, हवा दिसली, सगळं पटलं होतं, तरी मला तेवढीच भीती वाटली.

सासूबाईंचे हात वर तसेच होते. उपाशी बाईचे हात, ते खाली यायला लागले.

मी ऋतिकाला मागे सारलं आणि जाऊन त्यांच्या पाठीशी उभी राहिले.

"मी, आई. संजना."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ताट मी धरलं, पण त्यांनी ते लगेच सोडलं नाही. आम्ही दोघी बराच वेळ ते धरून उभ्या होतो.